पगार शून्य, नफा पूर्ण

पब काढायचाय ना? मग काढाच, आणि नोकर मुळीच ठेवू नका. वहीत पगाराच्या रकान्यात शून्य पडलं की बाकीचे आकडे कसे गोजिरे दिसू लागतात. स्वतःचा पगार? छे, मालक कधी पगार घेतो का!

हिशेब सोपा आहे. ५० लिटरचा केग (तळघरात ठेवलेली बिअरची धातूची टाकी), अर्ध्या लिटरचा ग्लास, म्हणजे १०० ग्लास. फेस, सांडलवंड हे रडक्या लोकांचे विषय. केगमधून काउंटरपर्यंत बिअर आणणाऱ्या नळ्या दर आठवड्याला धुवाव्या लागतात आणि त्यात अडकलेली बिअर मोरीत जाते खरी, पण तुम्ही एकटेच असल्यामुळे रडताना कुणी बघत नाही.

खरी गंमत केग संपतो तेव्हा. तो ऐन गर्दीतच संपतो. काउंटरवर आठ जण ताटकळलेत, गल्ला तिथेच, आणि तुम्ही तळघरात. भरलेला केग साठ किलोच्या पुढे जातो, तेव्हा कमरेला आधीच विश्वासात घ्या. जोडणी झाली की धावत वर या. पहिले दोन-तीन ग्लास नुसता फेस येईल, तो हसतमुखाने ओता. बिअर वर ढकलणारा कार्बन डायऑक्साइड वायू तळघरात गळत असला तर वासावरून कळायचं नाही. चक्कर येऊन पडलात तर शोधायला खाली कुणीतरी यावं लागतं, पण त्याचाच तर पगार आपण वाचवलाय.

लघवीला जायचं ते उघडण्यापूर्वी.

पिंपात मुरणारी बिअरही ठेवा, दर्दी लोक खूश होतात. ती उघडली की तीनेक दिवसांत तिची चव उतरते. दर्दी मात्र शनिवारीच येतात.

रोजचं गिऱ्हाईक हा धंद्याचा कणा. एक ग्लास घेऊन चार तास बसतो, बायकोपासून बॉसपर्यंत सगळं सांगतो आणि जाताना ‘लिहून ठेव’ म्हणतो. त्याला जास्त झाली तर ‘आता बास’ म्हणणारे तुम्ही, दंडाला धरून बाहेर काढणारे तुम्ही, आणि दुसऱ्या दिवशी रुसवा काढणारेही तुम्हीच.

आजारी पडू नका. पब बंद असला तरी भाडं, लायसन्स आणि तळघराचं कूलिंग कामावर हजर असतं.

वर्षअखेर नफा दिसेल. त्याला स्वतःच्या तासांनी भागायचा मोह टाळा. कंटाळा आलाच तर ‘एकहाती चालणारा धंदा’ अशी जाहिरात देऊन विकून टाका. घेणारा बघायला येईल त्या दिवशी मात्र दोन पोरं रोजावर उभी करा.