वाडीतला बिस्मार्क

आमच्या नागावच्या वाडीत जागा हवी असेल तर झाडाला एका प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं : 'देतं काय?' माड नारळ देतो, पोफळ सुपारी देते. सहा वर्षांपूर्वी मी बिस्मार्क पाम लावला आणि दोघेही नापास झालो.

"शोभेचा आहे," मी म्हणालो.

"शोभेला तू आहेस की घरात," आई म्हणाली.

किंमत निम्मीच सांगितली होती, तरी ती आल्यागेल्याला महिनाभर ऐकवली गेली. पण झाड राजस! पंख्यासारखी निळसर चंदेरी पानं, देठावर पांढरी पिठी. मूळचा मादागास्करचा; १८८१ साली त्याला जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलरचं नाव मिळालं. आईने पहिल्याच दिवशी त्याचा 'बिस्किट' केला.

एकदा मुळं धरली की याला फारसं पाणी लागत नाही, हे मी तिला किती वेळा सांगितलं! "तहानलेल्याला नाही म्हणायची रीत नाही आपल्याकडे," म्हणून शिंपणाचा पंप लागला की पाट नेमका बिस्किटाकडे वळे. मी माती ओढून तो बुजवायचा, तिने पायाने उघडायचा. मुलाला कोण उपाशी ठेवतं यावरून सासू-सुनेत होतं, तसलं हे भांडण. जमीन पुळणीची, पाणी ठरत नाही, म्हणून तो वाचला.

बरं, हलवावा म्हटलं तर तेही नाही. मुळांना धक्का लागला की हा जीव टाकतो. त्यामुळे त्याने वाट अडवली आणि आमची स्कूटर तुळशीला वळसा घालून जाऊ लागली.

"ताडच ना हा? गोळे कधी धरायचे?" येणारा प्रत्येक जण विचारी. आहेच तो ताडाच्या भावकीतला, पण फळ खायचं नाही. त्यात नर-मादी वेगळी, आणि फुलेपर्यंत कळायचं नाही.

"म्हणजे एवढं करून बाप्या निघाला तर?" आईचा चेहरा पाहवेना.

शेवटी गेल्या महिन्यात मी हुकमाचं पान टाकलं : मादागास्करात या पानांनी घरं शाकारतात. आई पहिल्यांदाच गप्प झाली. मला वाटलं, जिंकलो.

रविवारी अलिबागच्या बाजारातून आलो तर बिस्मार्क एका बाजूने भादरलेला, बुंध्याला कोयता टेकवलेला, आणि कोंबड्यांच्या खुराड्यावर चंदेरी छप्पर.

"दरसाल तीन पानं लागतील," आई म्हणाली. "पाणी घाल जरा त्याला."