भांडवल उभारणीतला आमचा वाटा

एखाद्या कंपनीला कारखाना उभारायचा आहे आणि त्यासाठी तिला आपल्या बचत खात्यातले चौदा-पंधरा हजार रुपये हवे आहेत, ही कल्पना मध्यमवर्गीय माणसाला फार सुखावणारी असते. प्रत्यक्षात मात्र पैसे देणाऱ्याने रांगेत उभे राहायचे आणि घेणाऱ्याने सोडत काढून कोणाचे पैसे घ्यायचे ते ठरवायचे, असा हा ‘आयपीओ’चा, म्हणजे कंपनीच्या पहिल्या जाहीर समभागविक्रीचा, व्यवहार आहे.

शिस्तीचा माणूस असल्यामुळे मी अर्जापूर्वी माहितीपत्रक उघडतो. शेकडो पानांच्या त्या ग्रंथातले जोखमींचे प्रकरण तेवढे मला मनापासून आवडते. आमच्यावर अमुक खटले चालू आहेत, मागे तोटा झाला होता, पुढेही होऊ शकतो, आमचा निम्मा धंदा चार गिऱ्हाइकांवर चालतो, असे प्रांजळ निवेदन मी अजून कोणाच्या राजीनाम्यातही वाचलेले नाही. त्यानंतर निधीच्या विनियोगाचे पान येते. त्यात कर्जफेड असते, यंत्रसामग्री असते आणि ‘सर्वसाधारण कंपनी कामकाज’ नावाचे एक गूढ कलमही असते, ज्यावर सेबी या बाजार-नियामक संस्थेने पंचवीस टक्क्यांची मर्यादा घातली आहे. (घरखर्चातल्या ‘किरकोळ’ या सदराला अशी मर्यादा कोणी घालेल तर बरे.) त्याहून मौज ‘ऑफर फॉर सेल’ची. तिच्यात जुने भागधारक आपला हिस्सा विकतात आणि कंपनीच्या तिजोरीत एक रुपयाही जात नाही. २०२२ मध्ये एलआयसीच्या भागविक्रीचा सगळा पैसा सरकारकडे गेला, तर २०२४ मध्ये ह्युंदाई मोटर इंडियाचे सुमारे २७,८७० कोटी रुपये कोरियातल्या मूळ कंपनीकडे गेले. भांडवल उभे राहिले खरे, पण ते दुसऱ्याच्या अंगणात.

एका पॅनवर एकच अर्ज चालतो आणि मागणी अफाट असली की किरकोळ गुंतवणूकदाराला मिळाला तर एकच लॉट, म्हणजे समभागांचा एक ठरावीक गठ्ठा, मिळतो. त्यामुळे जास्त रकमेपेक्षा जास्त नातेवाईक असणे अधिक उपयोगाचे ठरते. या न्यायाने आम्ही सासूबाईंचे डीमॅट, म्हणजे समभाग ठेवायचे, खाते उघडले. अर्ज ज्याचा, बँक खातेही त्याचेच लागते. म्हणून यूपीआय मँडेटची, म्हणजे रक्कम अडवून ठेवण्याच्या परवानगीची, विनंती त्यांच्याच फोनवर आली आणि शेवटच्या दिवशी पाचच्या आत ती मंजूर करणे भाग होते. पाचला वीस मिनिटे असताना त्या फोन हातात धरून स्वस्थ बसल्या होत्या.

“जावईबापू, अनोळखी विनंती आली तर पिन टाकायचा नाही, असं तुम्हीच सांगितलं होतंत.”

“आई, ही ओळखीची आहे. आणि पैसे जात नाहीत, नुसते अडकून राहतात. खात्यातच असतात, व्याजही चालू राहतं.”

“खात्यात आहेत, पण काढता येत नाहीत. म्हणजे गेलेच की.”

पैसे असे खात्यातच अडवून ठेवण्याच्या या ‘आस्बा’ पद्धतीचे इतके नेमके वर्णन मला आजवर जमलेले नाही. पाचला चार मिनिटे असताना, चष्मा पुसून झाल्यावर, पिन पडला.

यानंतर वाट पाहणे. पूर्वी परताव्याच्या धनादेशाची वाट पाहावी लागे. आता डिसेंबर २०२३ पासून, विक्री बंद झाल्यावर तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी समभाग बाजारात दाखल होतो, त्यामुळे निराशासुद्धा वेगाने होते. माझा अनुभव असा, की सगळ्यांना हवा असलेला समभाग मला मिळत नाही आणि मिळाला की पोटात गोळा येतो. ह्युंदाईच्या वेळी किरकोळ गुंतवणूकदारांसाठी राखलेल्या हिश्श्याला निम्मीच मागणी आली होती. अर्थात मागेल त्याला समभाग मिळाले आणि पहिल्याच दिवशी भाव विक्रीच्या किमतीखाली गेला. यावरून गर्दीच्या मागे जावे म्हटले, तर २००८ चा रिलायन्स पॉवर आठवतो. मागणी सत्तर पटींहून अधिक आणि पहिल्या दिवसाचा शेवट किमतीखाली!

या खेपेला आम्हा नवरा-बायकोच्या वाट्याला काही आले नाही, सासूबाईंना मात्र लॉट लागला. लिस्टिंगच्या, म्हणजे समभाग बाजारात दाखल होण्याच्या दिवशी, सकाळी नऊ वाजता खास सत्र सुरू होते आणि खरी खरेदी-विक्री दहाला. भाव चांगलाच वर उघडला. मी लगेच फोन केला.

“पूजा चालली आहे, झाली की बघते,” असे सांगून त्यांनी तो ठेवला.

पूजा आटोपेपर्यंत भाव घसरत विक्रीच्या किमतीवर येऊन टेकला होता. ही वार्ता मी शक्य तितक्या शोकाकुल आवाजात त्यांच्या कानावर घातली.

“मग छानच झालं,” त्या म्हणाल्या, “जेवढे दिले तेवढे आहेत. आणि आता ते काढतासुद्धा येतात ना?”