समुद्राचं पाणी सोलरवर फुकट गोडं होतं, हा हिशेब कुठे चुकतो

तलावांनी तळ गाठला की हा मेसेज फिरू लागतो: ‘मुंबईला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे. सोलरवर आरओ चालवा, पाणी फुकट. मेंब्रेन एकदा बसवलं की बघायला नको. उरलेलं मीठ विका. धरणं हवीत कशाला?’ आरओ म्हणजे दाब देऊन पाणी बारीक पडद्यातून (मेंब्रेन) ढकलायचं, क्षार मागे राहतात. मालाडजवळच्या मनोरीला पालिकेने समुद्राचं रोज २० कोटी लिटर पाणी गोडं करायचा प्रकल्प ठरवला आहे. त्याच आकड्यावर हिशेब करू.

‘सोलरवर पाणी फुकट.’ समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांचा ऑस्मोटिक दाबच (गोडं पाणी पडद्यातून खाऱ्याकडे ओढणारा दाब) २७ बारच्या आसपास (एक बार म्हणजे साधारण हवेचा दाब), आणि गोडं पाणी निघत जातं तसं उरलेलं आणखी खारट होतं. म्हणून पंप ५५ ते ७० बारवर चालवावा लागतो. बाहेर जाणाऱ्या खाऱ्या पाण्याचा दाब प्रेशर एक्स्चेंजरने परत वापरला तरी हजार लिटरला ३ ते ४ युनिट जातातच. साडेतीन धरले तर रोज ७ लाख युनिट. एक किलोवॉट पॅनलमागे दिवसाला ४ युनिट धरा: १७५ मेगावॉट, म्हणजे सुमारे ७०० एकर. एवढी मोकळी जागा मुंबईत नाही. बाहेर पॅनल लावून वीज ग्रिडवरून आणावी, जरूर आणावी, पण रात्रीच्या विजेचे आणि वहनाचे पैसे कोणीतरी भरणारच.

‘मेंब्रेन बसवलं की बघायला नको.’ सगळ्यात घातक वाक्य हेच. खाडीच्या तोंडाशी भरती-ओहोटीने गाळ ढवळला जातो, पावसाळ्यात तर जास्तच, वर सांडपाणी. आरओच्या आधी अल्ट्राफिल्ट्रेशन (बारीक गाळणी) लावून पाण्याचा एसडीआय (गाळाने मेंब्रेन किती तुंबेल याचा निर्देशांक) ३ च्या खाली आणला नाही, तर मेंब्रेन तुंबतं. पाणी ओढणाऱ्या पाइपात शिंपले वाढू नयेत म्हणून क्लोरीन सोडतात, पण पॉलिअमाइड मेंब्रेन क्लोरीननेच जळतं. म्हणून मेंब्रेनच्या तोंडाशी क्लोरीन मारणारं सोडियम बायसल्फाइट द्यावं लागतं. ते सोडणारा डोसिंग पंप बंद पडला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, तर गोड्या पाण्यात क्षार वाढू लागतात. हे नुकसान कुठल्याही धुण्याने भरून येत नाही. मेंब्रेन बदलावंच लागतं.

तुंबलेलं मात्र धुता येतं. तापमान आणि दाबातला बदल हिशेबात धरूनही प्रवाह १० टक्के घटला की लगेच धुवायला घ्यावं. पाणी आधी शिरतं त्या मेंब्रेनांवर दाबाची घट (आत जाताना आणि बाहेर पडताना दाबात पडणारा फरक) वाढली असेल तर गाळ किंवा जिवाणूंचा थर, शेवटच्यांवर प्रवाह घटून क्षार वाढले असतील तर स्केल, म्हणजे क्षारांचा कडक थर. दोन्ही असेल तर आधी अल्कलीने (आम्लाच्या उलट, क्षारीय द्रावण) धुवावं, मग आम्लाने. आम्ल आधी दिलं तर सेंद्रिय थर आणखी घट्ट बसतो.

‘मीठ विका.’ २० कोटी लिटर गोड्या पाण्यामागे साधारण साडेसत्तावीस कोटी लिटर दाट खारं पाणी उरतं. दिवसाला ५ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तरी ते आटवायला ५५ चौरस किलोमीटर मिठागर लागेल, बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या निम्म्याहून जास्त. आणि चार महिने वरून पाऊस. म्हणून ते पाणी समुद्रात खोलवर, वाहत्या प्रवाहात, डिफ्युझरने (भोकांच्या पाइपाने) पसरवूनच सोडावं लागतं.

‘धरणं कशाला?’ शहराला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर मिळतं. मनोरी त्याच्या पाच टक्के. तानसा-वैतरणेचं पाणी बहुतांशी उतारानेच येतं. भातसाचं पिसेला उपसावं लागतं. जूनमध्ये तलाव रिते असताना मनोरीचा उपयोग नक्की आहे, धरणाला पर्याय म्हणून नाही.

मेंब्रेन वापरायचंच तर आधी सांडपाण्यावर वापरा. चेंबूरच्या आरसीएफ खत कारखान्यात शहराच्या सांडपाण्यातून आरओने कारखान्यात वापरण्याजोगं पाणी करतात. क्षार कमी, त्यामुळे दाब १० ते १५ बार, वीज समुद्राच्या पाण्याच्या साधारण तिसरा हिस्सा. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर या सात नव्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांची क्षमता रोज २४६ कोटी लिटर. त्याच्या दहाव्या हिश्शावर आरओ लावून ७५ टक्के पाणी मिळालं, तरी १८ कोटी लिटर होतं. अट एकच: खाडीलगतच्या जुन्या गटारांत भरतीचं पाणी शिरतं, ते आधी बंद करायला हवं. नाहीतर क्षार वाढतील आणि वीजही.