टॉन्ट मारला म्हणजे बॉस (मोठा शत्रू) कायमचा टँकचा? नाही.

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक' हा ऑनलाइन गेम खेळणाऱ्यांच्या ग्रुपांत एक मेसेज फिरतोय: वॉरियरने, म्हणजे शत्रूचे वार स्वतःवर घेणाऱ्या टँकने, एकदा टॉन्ट (शत्रूला आपल्याकडे ओढणारी चाल) मारला की पुढे बाकीच्यांनी बिनधास्त डॅमेज करावं. हे अर्धवट आहे, आणि त्यापायी हीलर (साथीदारांना बरे करणारे) मरतात.

टॉन्टची सक्ती फक्त 3 सेकंदांची. खरा फायदा दुसराच. शत्रू ज्याच्यावर धावून जातोय, त्याच्याइतका थ्रेट (शत्रू कोणावर धावेल हे ठरवणारा आकडा) टँकला मिळतो. समजा मेजचा (जादूगाराचा) थ्रेट 1000 आणि टँकचा 600. टॉन्टनंतर दोघेही 1000 वर. आता शत्रू परत ओढायला लांबून मारणाऱ्या मेजला 1300 च्या वर जावं लागेल. जवळून मारणाऱ्या 'रोग' (Rogue) या पात्राला मात्र 1100 ओलांडले तरी पुरे. टँकने त्या 3 सेकंदांत पुढचा थ्रेट उभा केला नाही, तर ही आघाडी चटकन संपते.

'मॉकिंग ब्लो आणि चॅलेंजिंग शाउट (वॉरियरच्या आणखी दोन चाली) म्हणजे टॉन्टच' हेही चूक. त्यांची सक्ती 6 सेकंद टिकते खरी, पण थ्रेटची बरोबरी होत नाही. म्हणून मुदत संपताच शत्रू पुन्हा मेजकडे वळतो आणि शिव्या मात्र टँकला!

शत्रू आधीच तुमच्यावर असेल तर टॉन्ट राखून ठेवा. त्याचा कूलडाउन (पुन्हा वापरता येईपर्यंतचा वेळ) 10 सेकंदांचा आहे.