यादी आली, माल कुठाय?

रात्री अकराला व्हॉट्सॲपवर मिक्सिंगसाठी गाणं आलं. म्हणजे, ज्यानं वाद्यं बसवली त्या अरेंजरच्या मते गाणं. नाव ‘बाप्पा फायनल 2 खरंच फायनल’, वजन 312 केबी. सकाळी एबलटन लाइव्ह या गाणी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं, तर खाली नारिंगी पट्टी: मीडिया फाइल्स सापडत नाहीत. चोवीस ट्रॅक दिमाखात उभे आणि स्पीकरमधून शुकशुकाट.

शेजारी गायकाचे मामा. पैसे त्यांचे.

“पट्ट्या तर दिसतायत की.”

“दिसतायत, पण आत आवाज नाहीत.”

“मग नुसत्या पट्ट्या कशाला पाठवल्या?”

“मामा, ही यादी आहे. कुठला आवाज, कुठल्या फोल्डरात, कितव्या ठोक्याला वाजवायचा, एवढंच या एएलएस फाइलीत असतं. ढोल राहिला अरेंजरच्या पेनड्राइव्हवर.”

मामांचं किराणा दुकान आहे. चेहरा उजळला. “असं सांग ना! आमच्याकडं यादी आली की पोरगा माल काढतो. तुझा पोरगा कुठाय?”

पोरगा आहे. लाइव्हच्या फाइल मॅनेजरमधला ऑटोमॅटिक सर्च. दाखवाल त्या फोल्डरात हरवलेल्या फाइली हुडकतो, आणि एकाच नावाच्या चार ‘किक’ (ड्रमचा धप्प आवाज) मिळाल्या तर चारही पुढ्यात ठेवून विचारतो, यातली कुठली?

“विचारतो? आमचा पोरगा न विचारताच मसूर बांधून मोकळा होतो.”

पण जो माल या कॉम्प्युटरवर आलाच नाही, तो कुणाचा पोरगा आणणार?

वास्तविक काम दोन मिनिटांचं. माइकवरून घेतलेला आवाज प्रोजेक्टच्याच ‘सॅम्पल्स’ फोल्डरात, ‘रेकॉर्डेड’मध्ये पडतो. पेनड्राइव्हवरून ओढून आणलेला ढोल मात्र जागचा हलत नाही. लाइव्ह फक्त त्याचा पत्ता लिहून घेतं. म्हणून फाइल मेनूतलं ‘कलेक्ट ऑल अँड सेव्ह’ दाबायचं, विचारेल त्या सगळ्याला होकार द्यायचा (फॅक्टरी पॅक, म्हणजे लाइव्हचे तयार आवाजसुद्धा, समोरच्याकडे ते असतीलच असं नाही), बाहेरचे आवाज ‘इम्पोर्टेड’मध्ये आले की अख्खा फोल्डर झिप करायचा. प्लगइन, म्हणजे वरून जोडलेली वाद्यं आणि इफेक्ट, यात येत नाहीत, ते ट्रॅक आधी फ्रीझ करायचे, म्हणजे तयार आवाज करून ठेवायचे. 24 बिट, 48 किलोहर्ट्‌झचा मोनो ट्रॅक मिनिटाला साडेआठ एमबी खातो. चार मिनिटांचे बारा ट्रॅक म्हणजे चारशेच्या वर. 312 केबीत गाणं मावत असतं, तर लोकांनी हार्डडिस्क कशाला घेतल्या असत्या?

आणि हा अरेंजर 1999 च्या कॉर्ग ट्रायटन कीबोर्डवर शिकलेला! तिथं प्रत्येकाची फाइल वेगळी: टोन पीसीजीत, गाणं एसएनजीत, सॅम्पल (रेकॉर्ड केलेले आवाज) केएससीत. त्यात केएससीसुद्धा यादीच, खरा आवाज केएसएफ फाइलींत. सेव्ह करायच्या आत लाइट गेली की गाणं आणि सॅम्पल दोन्ही स्वाहा. 1.44 एमबीच्या फ्लॉपीत ढोलकी मावायची पंधरा सेकंद. त्या काळी हा माणूस फ्लॉप्यांना नंबर घालून रबर लावून आणायचा. आता म्हणतो, “माझ्याकडं तर वाजतंय.”

मामांनी फोन हातातून घेतला. “यादी पोचली. माल पाठवा.”

दुपारी चारला माल आला. एक एमपी3. ढोल, ताशे, गाणारा भाचा, सगळं एकाच पट्टीत घट्ट मळलेलं. त्यातनं आता ना ढोल उचलता येतो ना भाचा दाबता येतो.

मामांनी पूर्ण ऐकलं, वर ताल धरून. “वाजतंय की छान,” म्हणाले. “मग तुझं काम काय राहिलं?”