घसरण म्हणजे ट्रेंडच्या उलट नव्हे

'ट्रेंड' या शब्दावरच्या एका लेखात त्याच्या विरुद्धार्थी शब्दांची यादी आहे. तिच्यात 'कालबाह्य', 'घसरण', 'स्थिर' असे सगळे एकाच ओळीत बसवलेत. ते पटलं नाही. फॅशनपुरतं 'कालबाह्य' चालेल, पण मला तिथेही 'सदाबहार' जास्त नेमका वाटतो. कालबाह्य गोष्ट कधीतरी ट्रेंडमध्ये होतीच ना!

आकडेवारीत मात्र ट्रेंड म्हणजे दीर्घकालीन कल. उतरता कल हाही कलच, त्यामुळे 'घसरण' तिथे बसतच नाही (बातम्यांत हा घोळ सर्रास दिसतो). कलापासून वेगळे काढायचे असतात ते हंगामी आणि अनियमित चढउतार. उदाहरणार्थ, हवाई बेटांवरच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजतात. उत्तर गोलार्धातल्या उन्हाळ्यात झाडंझुडपं तो शोषून घेतात, आकडा खाली येतो. नंतर पुन्हा चढतो. दरवर्षी हेच. पण एकूण कल चढताच: दहा लाखांत सुमारे ३१५ भागांवरून आता ४२० च्या वर. फक्त मे ते सप्टेंबरचा आलेख दाखवला तर कुणालाही वाटेल, प्रमाण घटतंय. अशी फसगत होऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून एवढं लिहिलं.

यादीत 'घसरण'ऐवजी 'चढउतार' घ्यावा, ही विनंती.