कुरडया, लुंगी आणि ड्रोन

खिडक्यांना पडदे लावले, दाराला आयहोल बसवलं की घर बंदिस्त झालं असं आपण धरून चालतो. आभाळाच्या बाजूने ते सताड उघडंच असतं. आमच्या सांगलीच्या टेरेस फ्लॅटला ही गोष्ट यंदाच्या चैत्रात कळली.

आई प्लास्टिकच्या कागदावर कुरडया घालत होती. गव्हाचा चीक गरम असतानाच घालावा लागतो, त्यामुळे सोऱ्या दाबायला मी. अंगावर फक्त लुंगी. इतक्यात डोक्यावर गांधीलमाशीसारखी घूं-घूं सुरू झाली. एक ड्रोन टाकीपाशी येऊन थांबला आणि कॅमेरा वळवून माझ्या पोटाकडे टक लावून बघू लागला. आईने कावळे हाकायची काठी उगारली. तो चार फूट वर सरकला. मुरलेला होता!

चौकीत हवालदारसाहेबांनी पहिला प्रश्न टाकला, "नंबर टिपला का?" 2021च्या ड्रोन नियमांप्रमाणे ओळख क्रमांक लागतो हे खरं, पण खालून तो वाचायला घारीची नजर हवी. शिवाय ग्रीन झोनमध्ये, म्हणजे ड्रोनसाठी मोकळ्या ठेवलेल्या भागात, 400 फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही, आणि 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला चालवणाऱ्याचं लायसन्सही नको. चोरून बघण्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेत 77वं कलम आहे, पण ते स्त्रियांसाठी. माझं पोट कोणत्याच कलमात बसेना. (तसं ते शर्टातही बसत नाही.) खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली सांगितलंय, असं मी बोलून पाहिलं. "बरोबर आहे," साहेब म्हणाले, "पण तुम्ही शर्ट घालत चला."

जॅमर आणावा, तर तो परवानगीशिवाय बाळगणंच गुन्हा. अमेरिकेतल्या केंटकीत 2015 साली एकाने घरावरचा ड्रोन बंदुकीने पाडला आणि न्यायाधीशांनी त्याच्यावरचे आरोप काढून टाकले. आमच्याकडे बंदूक नाही, काठी आहे. नेदरलँडच्या पोलिसांनी ड्रोन पकडायला गरुड शिकवले होते. खर्च परवडेना आणि गरुड ऐकेनात, म्हणून 2017 साली तो नाद सोडला. आपल्या लष्कराकडे मात्र यासाठीच तयार केलेली 'अर्जुन' नावाची घार आहे. हे ऐकून आई म्हणाली, "घार नको हो, सांडगे नेईल."

शेवटी बांबू उभे करून हिरवी शेडनेट ताणली. कुरडया वाळेनात, पण लुंगीची अब्रू वाचली. आठवडाभरात सोसायटीची नोटीस आली : गच्चीवर अनधिकृत छप्पर, सात दिवसांत काढावे. सोबत पुराव्याचे दोन रंगीत फोटो, 'आधी' आणि 'नंतर'. दोन्ही थेट वरून काढलेले. 'आधी'मध्ये मी पाठमोरा, आणि आई काठी उगारून कॅमेऱ्याच्या डोळ्याला डोळा भिडवून उभी.

आईने चष्मा लावून तो फोटो बराच वेळ न्याहाळला. "सेक्रेटरींना विचार," ती म्हणाली, "मोठा करून मिळेल का? आणि तुला कापून."